उलटी होडी, वीस

कमरुद्दीन गोठेकरने बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. त्यातली अठरा पेण-रोहा मार्गावर गेली. या मार्गावर नाव असलेले थांबे थोडेच होते. बाकीचे उतारू ‘पडक्या मोरीपाशी’, ‘दोन माडांखाली’, ‘उलट्या होडीसमोर’ असं सांगून उतरत आणि कमरुद्दीन बरोबर तिथेच घंटी मारी. माणसांची नावं तो विसरे, घरं कधी विसरला नाही. दोन्ही तालुके त्याच्या डोक्यात असे खुणांनी बसले होते.

१९८८ साली तो निवृत्त झाला आणि रोह्याच्या मोहल्ल्याने त्याला खिदमत फंडाचा सेक्रेटरी केलं. फंड लहान होता. कुवेतला, मस्कतला कामाला गेलेली इकडची माणसं वर्षातून एकदा ड्राफ्ट पाठवीत. बकरी ईदला गोळा झालेली कातडी विकून त्यात थोडी भर पडे. रमजानात गरजू घरांना तांदूळ, वर्षभरात दोन-चार जणांच्या दवाखान्याला हातभार, एवढंच काम. जकातीचा, म्हणजे धर्माने नेमून दिलेल्या दानाचा, पैसा वेगळा ठेवलेला असे आणि तो मुसलमान घरांतच जाई. आपखुशीच्या खैरातीला ती अट नव्हती. खाडीकाठची मिठागरं एकामागून एक बंद पडत होती, त्यामुळे खैरातीच्या तांदळाच्या यादीत आगऱ्यांची घरंच जास्त होती. याबद्दल मोहल्ल्यात कुणी कुरकुर केली तर कमरुद्दीन म्हणे, “भुकेला सुंता नसते.” मग कुरकुर करणारा हसे आणि विषय मिटे.

यादी कमरुद्दीनच्या वहीत होती, पण त्या वहीत नाव एकही नव्हतं. घेणाऱ्याचं नाव कागदावर चढलं की ती खैरात राहत नाही, ते कर्ज होतं, असं त्याची आई म्हणत असे. मोहल्ल्यात ही जुनी रीत होती. तांदूळ मागल्या दाराने, भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना पोचवायचे. बोलायचं नाही, थांबायचं नाही. वहीत कमरुद्दीन पेन्सिलीने घराची खूण काढी आणि पुढे किलो लिही. एक विहीर, पुढे दहा. वाकडा माड, पुढे पंधरा. पालथी घातलेली होडी, पुढे वीस. किलो हा शब्द लिहायची त्याला गरज वाटली नाही. तांदूळ किलोतच मोजतात.

या खुणा वाचू शकणारा दुसरा माणूस एकच होता, बाबाजी. तो पेणजवळच्या जोह्याचा. कमरुद्दीन कंडक्टर असताना अठरा वर्षं गाडीचं स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. त्याने एसटी सोडून भाड्याचा टेम्पो घेतला आणि घरामागे मुलासाठी, रितेशसाठी, गणपतीचा कारखाना घातला. फंडाचे तांदूळ त्याच्याच टेम्पोतून जात. कमरुद्दीन शेजारी बसून वही धरी आणि बाबाजी खूण पाहूनच गाडी वळवी.

नव्वद सालच्या पावसात खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध फुटला आणि बाबाजीच्या कारखान्यात कमरेएवढं पाणी आलं. शाडूच्या कच्च्या मूर्ती होत्या. दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा फळ्यांवर नुसता चिखल होता आणि त्या चिखलात इथे एक सोंड, तिथे एक हात. व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली. बाबाजीने काही मागितलं नाही, पण टेम्पो चालवताना तो बोलेनासा झाला. कमरुद्दीनने वहीत एक नवी खूण काढली, दारापुढचा चाफा, आणि पुढे लिहिलं पंचवीस. चार महिने तांदूळ गेले. पहिलं पोतं उतरताना बाबाजी म्हणाला, “तांदूळ देतोस, मग दोन गोणी मातीबी दे की. मूर्त्या तरी होतील.”

“तांदूळ देऊ शकतो,” कमरुद्दीन म्हणाला. “गणपतीसाठी माती दिली तं मौलाना मलाच मातीत घालतील.”

बाबाजी पोट धरून हसला. त्या पावसाळ्यात तो पहिल्यांदाच हसला होता. कुणाला कळू देऊ नकोस, एवढंच तो नंतर म्हणाला. कमरुद्दीनने वही मिटून खिशात घातली. जे ठरलेलंच होतं त्याला उत्तर कशाला द्यायचं?

१९९३चा मार्च महिना रमजानचाच होता. मुंबईत स्फोट झाले आणि काही दिवसांत स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावरून आली असल्याच्या बातम्या आल्या. खाडीकाठच्या प्रत्येक मुसलमानाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. एप्रिलमध्ये पोलीस फंडाच्या कचेरीत आले. परदेशातून ड्राफ्ट येणारी संस्था म्हणून तपास होता. अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्याने वही उघडली आणि बराच वेळ पाहत राहिला.

“हे काय आहे?”

“होडी.”

“उलटी का?”

“उलटीच हाय ती. सात वर्षं झाली, दर्यात गेली नाय.”

“वीस म्हणजे?”

“किलो.”

“कशाचे?”

“तांदळाचे, साहेब.”

“घर कोणाचं?”

“ते नाय सांगता येणार.”

अधिकाऱ्याने वही मिटली आणि सोबत नेली. कमरुद्दीनला दोन दिवस बसवून ठेवलं, तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि सोडून दिलं. गुन्हा दाखल झाला नाही. प्रकरण तिथे संपलं असतं, पण जूनमध्ये ‘खाडीवारा’ नावाच्या स्थानिक साप्ताहिकाने वहीतल्या एका पानाचा फोटो पहिल्या पानावर छापला. मथळा होता, ‘रोह्याच्या मदत फंडाची सांकेतिक वही’. खाली प्रश्न होते. होडी वीस, वीस काय? पेट्या? बंद मिठागरात पंधरा काय उतरलं? कुवेतचा पैसा कोणत्या विहिरीत मुरतो? पान बाहेर कसं गेलं हे कुणालाच सांगता आलं नाही.

पुढल्याच आठवड्यात बँकेने खातं थांबवलं. कुवेतहून आलेले दोन ड्राफ्ट काउंटरवरून परत गेले. मॅनेजर कमरुद्दीनला नेहमी चहा पाजायचा, त्या दिवशी उभ्याउभ्याच म्हणाला, “वरून आहे, गोठेकर. फंडावर डाग नाही असं कुठून तरी लेखी आणा. मी लगेच सोडतो.”

लेखी कोण देणार? पोलीस म्हणाले, आम्ही आरोपच केला नाही, तर निर्दोष असल्याचं कसं लिहून देऊ? राहिला रस्ता कोर्टाचा. फंडाचे अध्यक्ष हाजी बावामियां मुकादम, रोह्यात त्यांची लाकडाची वखार. ते म्हणाले, “पेपरवर अब्रुनुकसानीची केस टाक, कमरू. पैसा मी बघतो. तू सेक्रेटरी, वही तुझी, सही तू कर.” कमरुद्दीनने सही केली. फंडाच्या वतीने फिर्यादी तोच झाला.

खटला रोह्याच्या कोर्टात दीड वर्ष रखडला. त्या काळात ओळखीचे लोक बाजारात हळूच पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. एसटीतला एक जुना सहकारी पेणच्या स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणाला, “काय कमरूभाय, आज कुठची होडी?” चारजण हसले. कमरुद्दीनही हसला, पण नंतर घरी बायकोला, रुकय्याला, त्याने ते तीनदा सांगितलं. दोन रमजान असेच गेले. तांदळासाठी त्याने पेन्शनीतून आणि दोन दुकानदारांकडून जमवाजमव केली. पोती निम्मी झाली. त्यातल्या पहिल्या रमजानात ती बाबाजीनेच पोचवली, भाडंही घेतलं नाही.

कमरुद्दीनची साक्ष आधी झाली. साप्ताहिकाच्या वकिलाने एकेका खुणेवर बोट ठेवून घर कोणाचं ते विचारलं. कमरुद्दीन दर वेळी म्हणाला, “सांगणार नाही.” न्यायाधीशांनी विचारलं, “माहीत आहे, पण सांगणार नाही, असंच ना?” तो म्हणाला, “व्हय साहेब. माहीत हाय.” तसंच लिहून घेतलं गेलं.

त्याचे वकील दामले बाहेर येऊन म्हणाले, “तुमच्या हट्टाने केस अर्धी गेली. आता दुसरं कोणी तरी उभं राहिलं पाहिजे, ज्याने हे तांदूळ डोळ्यांनी पाहिलेत. नावं नकोत. या खुणा म्हणजे घरं आहेत आणि तिथे तांदूळ गेले, इतकं एका माणसाने म्हटलं तरी पुरे. माणूस तुमच्या समाजातला नसला तर फार चांगलं.”

असा माणूस एकच होता. कमरुद्दीन जोह्याला गेला. कारखान्यात रंगकाम चाललं होतं. बाबाजीने हातातला ब्रश खाली न ठेवताच ऐकलं.

“एवढंच बोलायचं?”

“एवढंच. घरं होती, तांदूळ होते. कोणाची ते विचारलं तं सांगणार नाय म्हणायचं.”

“अरे, त्यात काय! अठरा वर्षं तुझ्या घंटीवर गाडी थांबवली, आता कोर्टात नाय थांबणार?”

ही गोष्ट ऑक्टोबर चौऱ्याण्णवची. साक्ष डिसेंबरात निघाली. बाबाजी धुतलेला सदरा घालून आला, कमरुद्दीनकडे न पाहता पिंजऱ्यात चढला. दामल्यांनी वही पुढे केली.

“ही वही ओळखता?”

“बघितली हाय.”

“या खुणा कशाच्या?”

बाबाजीने वहीत पाहिलं. नेमकं तेच पान होतं, होडीचं. त्याला ते घर डोळे मिटून सापडलं असतं.

“माहीत नाय.”

दामल्यांना वाटलं, तो घाबरला. त्यांनी सावकाश पुन्हा विचारलं, “तुमच्या टेम्पोतून पोती जात होती. ती कुठे उतरवायची हे यावरून कळायचं ना?”

“मी गाडी चालवायचो. कमरूभाय म्हणेल तिकडं न्यायची. पोत्यात काय असायचं ते मी कधी उघडून नाय बघितलं.”

कोर्टात कुजबुज झाली. साप्ताहिकाचा वकील खुर्चीत मागे रेलला. ‘पोत्यात काय ते नाय बघितलं’ या एका वाक्याने वीस किलो तांदळाचं पुन्हा वीस काहीतरी झालं होतं. आपलाच साक्षीदार फितूर झाला म्हणून दामल्यांनी उलटतपासणीची परवानगी मागितली आणि न्यायाधीशांनी ती दिली. दामले वळून कमरुद्दीनपाशी आले, वाकले.

“मला एक काही तरी द्या. याच्याबद्दल वहीत काही आहे? यानं स्वतः कधी फंडाचं काही घेतलंय? एक प्रश्न विचारतो आणि सगळं पालटतं.”

वही टेबलावर होती. चाफ्याचं पान तीन पानं मागे. चाफा अजून बाबाजीच्या दारात उभा होता, कुणीही जाऊन बघावा. नव्वद सालचे चार महिने, दर महिन्याला पंचवीस. तांदूळ याने खाल्ले की नाही एवढं विचारलं असतं तर बाबाजीला ‘माहीत नाय’ म्हणता आलं नसतं. फंडावरचा डाग गेला असता, बँकेला कागद मिळाला असता.

“बोला लवकर,” दामले म्हणाले.

“काय नाय,” कमरुद्दीन म्हणाला.

“काही नाही, की सांगत नाही?”

कमरुद्दीनने मान खाली घातली. दामले काय समजायचं ते समजले. त्यांनी बाबाजीला दोन साधे प्रश्न विचारले आणि खाली बसले.

आठवड्याभराने बाबाजी रोह्याला कमरुद्दीनच्या दारात उभा राहिला. दार रुकय्याने उघडलं.

“या, बाबाजीभाऊ. घर सापडलं? म्हटलं, तेबी माहीत नाय होतं की काय.”

बाबाजी चपला काढून ओटीवर बसला. 

“शिव्या घाल, कमरूभाय.”

“कशाला?”

“मुंबईचा व्यापारी आला होता. चारशे मूर्त्यांची ऑर्डर हाय. म्हणाला, त्या लोकांच्या बाजूनं कोर्टात उभा राहिलास तं तुझा गणपती एका मंडपात चढणार नाय. रितेशनं आताच लग्न केलंय. मी काय करू?”

“मला आदल्या दिवशी सांगायचंस. मी तुला बोलावलाच नसता.”

“तोंड नाय झालं.”

“बरं. मग ‘सांगणार नाय’ असं म्हणायचंस. मीबी तेच म्हटलं, आभाळ पडलं नाय. ‘माहीत नाय’ कशाला म्हणालास?”

बाबाजीने जमिनीकडे पाहिलं. “सांगणार नाय म्हटलं तं माहीत हाय असं होतं ना.”

“व्हय,” कमरुद्दीन म्हणाला. “तेवढंच पायजे होतं.”

मग बाबाजीने विचारलं, “तू माझं नाव नाय घेतलंस. वकील वाकला तेव्हा मला वाटलं, आता चाफ्याचं पान निघणार. का नाय घेतलंस?”

“तुझ्यासाठी नाय. वहीतलं घर होतं ते. साक्षीदार तू मागनं झालास.”

रुकय्याने चहा आणला नाही. बाबाजी उठला, चपला घालून निघाला. त्यानंतर टेम्पो रोह्यात दिसे, पण मोहल्ल्याच्या रस्त्याला वळत नसे.

पुढचं कमरुद्दीनला वर्तमानपत्रातून कळलं. पंचाण्णवच्या सप्टेंबरात ‘खाडीवारा’त दोन चौकटी शेजारी शेजारी आल्या. एकीत साप्ताहिकाने चार ओळींत दिलगिरी व्यक्त केली होती. दुसरी फंडाच्या वतीने होती. ‘तत्कालीन सेक्रेटरींनी कमिटीच्या संमतीशिवाय वहीत आक्षेपार्ह नोंदी ठेवल्या होत्या, त्यांच्याशी फंडाचा संबंध नाही.’ खाली हाजी बावामियांची सही. कमिटीने आधी ठराव करून कमरुद्दीनला काढलं होतं, नव्या सेक्रेटरीकडून फिर्याद मागे घेतली होती आणि तडजोडीचा कागद बँकेत दिला होता. नोव्हेंबरात खातं सुटलं.

कमरुद्दीन पेपरातली ती चौकट घेऊन हाजींच्या वखारीत गेला. हाजींनी गिऱ्हाईक सोडून त्याला आत बसवलं.

“संमतीशिवाय, हाजीसाहेब? पोलिसांनी नेईपर्यंत दर ईदला तुम्ही वहीवर सही केली.”

“केली. मग काय करू, फंड बुडू देऊ? एकाचं नाव जाऊन सगळ्यांचं राहत असेल तर राहू दे, असं मला वाटलं. तुझं वय झालंय, कमरू. तुला आता कुठं नोकरी मागायचीय?”

“मला एकदा विचारायचं.”

“विचारलं असतं तर तू ‘नाय’ म्हणाला असतास.”

ते खरं होतं. कमरुद्दीनने पेपराची घडी करून खिशात घातली.

शहाण्णवच्या जानेवारीत, रमजान लागायच्या पाचसहा दिवस आधी, हाजी स्वतः त्याच्या घरी आले. सोबत कोर्टातून परत मिळालेली वही होती. तांदूळ आले होते, पोती भरली होती. नवा सेक्रेटरी खुणा घेऊन दोन दिवस फिरला होता आणि त्याला एक विहीर सापडली होती, तीही चुकीची.

“तीस घरं हायत,” हाजी म्हणाले. “कुठली ती तू लिहून दे. आता नावानं रजिस्टर करायचंय, अंगठा घ्यायचाय. बँकेला तसं लिहून दिलंय आपण.”

“या खुणा माझ्या, फंडाचा संबंध नाय, असं छापलंत ना?”

“अरे, ते तेव्हाचं.”

“मग जिथं छापलंत तिथंच छापा, की वही फंडाची होती. मी प्रत्येक घरात जाऊन विचारतो, नाव द्यायचं का म्हणून. जे व्हय म्हणतील त्यांची नावं आणून देतो.”

“पुन्हा पेपर? पुन्हा बँक? डोकं फिरलंय तुझं.”

“मग नाय सांगणार.”

“तीस घरं उपाशी ठेवणार तू? एका चौकटीपायी?”

रुकय्या आतून म्हणाली, “ज्यानं चौकट छापली त्याला विचारा.” हाजींनी वही उचलली आणि ते गेले.

त्या रात्री कमरुद्दीन नीट जेवला नाही. तीस घरं त्याच्या डोक्यात होती आणि त्यांतल्या कुणालाही हाजी, बँक, चौकट यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती माणसं भर दुपारी मागल्या दाराकडे कान देऊन बसणार होती. निदान वाट बघू नका, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं. पहिल्या रोज्याला सकाळची एसटी पकडून तो निघाला. आज तो पुढच्या दाराने जाणार होता. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या घरांशी बोलायचं होतं.

बहुतेकांनी नुसती मान हलवली. एका म्हाताऱ्याने ओळखच दाखवली नाही, शेजारी बघत होते. पालथ्या होडीच्या घरात हौसा होती. नवरा मिठागरात कामाला असतानाच वारलेला, पदरी एक मुलगी. ती अंगणात जाळं सोडवत बसली होती. कमरुद्दीनने उभ्यानेच सांगितलं, यंदा तांदूळ असे येणार नाहीत. रोह्याला फंडाच्या कचेरीत जाऊन नाव द्यायचं, अंगठा करायचा, मग मिळतील.

“कोन लिवनार नाव?”

“नवीन सेक्रेटरी हाय.”

“तुमी नाय?”

“नाय. मला काढलं.”

हौसाने जाळ्यातली गाठ दाताने सोडवली. “पेपरात आलं व्हतं ना तुमचं? सरपंचाचा पोरगा वाचून दाखवत व्हता, ह्या होडीत बंदुका उतरल्या म्हनून. मी म्हटलं, बाबा, ही होडी माजीच हाय, तीत कोंबडी अंडी घालते.”

“असं म्हणालीस?” कमरुद्दीनने विचारलं. “चार लोकांत?”

“मंग? माज्या दारातली होडी. मी नाय म्हननार तं कोन?”

 दीड वर्ष कोर्टात कमरुद्दीन हे एकच वाक्य शोधत होता. ते इथे, रोह्यापासून दीड तासावर, अंगणात बोलून झालेलं होतं आणि त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. न विचारणं हीच तर रीत होती.

“कोर्टात आली असतीस?” त्याने तरीही विचारलं.

“कुनी बोलावलं असतं तं आले असते. एक दिवसाची मजुरी बुडली असती, आनि काय?” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तोंड सुकलंय तुमचं. पानी देऊ?”

“रोजा हाय.”

“मंग सावलीत बसा तरी.”

तो बसला नाही. अजून अकरा घरं राहिली होती आणि पेणची पुढची गाडी दोनला होती.